मधल्या सुट्टीतलं हात धुणं मोजायचंय, निरीक्षणाचं टूल कसं बनवू?

निळी_डायरी

नमस्कार सगळ्यांना. मी एम.एड. करतेय, सेकंड इयर. डिझर्टेशनचा विषय आहे जिल्हा परिषद शाळेतल्या पाचवी ते सातवीच्या मुलांची शालेय पोषण आहाराआधी हात धुण्याची सवय. सोलापूर जिल्ह्यातल्या चार शाळा घेतल्यात. आधी प्रश्नावली बनवली होती आणि एका शाळेत पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, पण केलं, तर जवळजवळ सगळ्याच मुलांनी 'रोज साबणाने हात धुतो' यावर टिक केलं, आणि मी बाहेर नळाजवळ जाऊन बघितलं तर साबण कोरडा ठणठणीत, वरचा कागद पण अर्धा तसाच. गाइड मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या मग प्रश्नावली बाजूला ठेव आणि निरीक्षण पद्धत घे.

आता पुस्तकात सहभागी, असहभागी, नियंत्रित, अनियंत्रित असे सगळे प्रकार वाचलेत, व्याख्या पाठ आहेत, पण प्रत्यक्ष खिचडी वाढायच्या आधी पाच-सात मिनिटात शंभर मुलं नळावर तुटून पडतात तेव्हा मी नक्की कुठे उभी राहू आणि काय लिहू हेच कळत नाहीये. सोबत एक मैत्रीण येणार आहे दुसरी निरीक्षक म्हणून. मुलं आम्हाला बघून मुद्दाम हात धुतील ही पण भीती आहे. मोबाईलवर व्हिडिओ काढून नंतर निवांत मोजलं तर चालेल का? सिनॉप्सिस मंजूर झालंय, टूल पुढच्या महिन्यात दाखवायचंय. प्लीज सांगा कोणीतरी.

खडू_फळा

तुमच्या मॅडमनी योग्य सांगितलं. मी अध्यापक विद्यालयात बरीच वर्षं संशोधन पद्धती शिकवली, आणि मला दिसलेलं सांगतो, विद्यार्थी निरीक्षणाचे प्रकार दोन पानं लिहितात आणि टूलमध्ये एकच ओळ असते, 'विद्यार्थी हात धुतो का – होय / नाही'. सगळं काम तिथेच फसतं. 'हात धुतला' म्हणजे काय हे आधी ठरवा. एक हात नळाखाली धरला आणि चड्डीला पुसला, हे धुणं आहे का? दोन्ही हात भिजवले पण चोळले नाहीत? साबणाला बोट लावलं आणि लगेच पाणी घेतलं? तुम्ही 'होय' म्हणाल, मैत्रीण 'नाही' म्हणेल, आणि व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं हेच विचारतील.

फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती, म्हणजे वर्गातलं बोलणं नोंदवायची पद्धत, तुम्ही शिकला असालच. त्यात दहा वर्ग, म्हणजे नोंदीचे प्रकार, आहेत, सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्याच्या बोलण्याचे आणि दहावा शांतता किंवा गोंधळाचा, आणि दर तीन सेकंदाला एक आकडा टाकायचा. आपण ती फक्त परीक्षेपुरती पाठ करतो, पण तिची बांधणी किती विचारपूर्वक केलीय ते बघा. एक क्षण दोन वर्गात बसत नाही, आणि कुठल्याच वर्गात बसत नाही असा क्षण पण उरत नाही, कारण काहीच कळलं नाही तरी दहावा आकडा आहे. तुमच्या पडताळा सूचीला हीच शिस्त लावा. माझ्या मते असे वर्ग पुरेत: पाण्याला हात लावला नाही, एकच हात भिजवला, दोन्ही हात नुसत्या पाण्याने, दोन्ही हात साबणाने. आणि पाचवा वर्ग जो लोक हमखास विसरतात, दिसलं नाही. नळावर गर्दी असते, पोरं एकमेकांच्या आड येतात, तेव्हा जे दिसलं नाही ते 'धुतले नाहीत' मध्ये जाता कामा नये. ते वेगळं मोजा आणि अहवालात किती टक्के दिसलं नाही ते सरळ लिहा, त्यात कमीपणा काही नाही, उलट वाचणाऱ्याचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

किती सेकंद चोळलं ते मोजायच्या नादी लागू नका, एवढ्या गर्दीत ते होणार नाही.

एक अजून. टूल घरी बसून बनवू नका. आधी एक-दोन वेळा रिकामी वही घेऊन नुसतं बसा, काहीही टिक न करता, जे दिसेल ते वाक्यात लिहा, आणि त्यातून वर्ग काढा. पुस्तकात अनियंत्रित आणि नियंत्रित निरीक्षण दोन वेगळ्या चौकटीत दाखवतात, प्रत्यक्षात पहिल्यातूनच दुसरं तयार होतं.

वॉर्ड_चार

मी नर्स आहे, इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते, आणि आमचं तर हे रोजचंच आहे, हात धुण्याचं निरीक्षण. शाळेतली गोष्ट वेगळी, पण एक मुद्दा जसाच्या तसा लागू पडेल म्हणून लिहिते. तू मुलं मोजू नकोस ग, संधी मोज.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हात स्वच्छ करायचे पाच क्षण दिलेत, पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक प्रक्रियेआधी, रक्त वगैरे शरीरातल्या द्रवाशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. निरीक्षक काय करतो, तर आधी बघतो की हात धुवायला हवा होता अशी वेळ आली का, ती आली की खाली छेदात एक, आणि खरंच हात स्वच्छ केला तर वर अंशात एक. दिवसभरात कोणी दहा वेळा हात धुतले याला आमच्याकडे काहीच किंमत नाही, पन्नास वेळा धुवायला हवे होते का बारा वेळा ते कळल्याशिवाय त्या दहाचा अर्थच लागत नाही.

तुझ्याकडे मूल ताट घेऊन पंगतीत बसलं ही एक संधी. दुसऱ्यांदा खिचडी घ्यायला उठलं तर ती नवीन संधी धरायची का नाही, ते आधीच ठरव. मधल्या सुट्टीत जे संडासला जाऊन आलं त्याचं काय? माझं मत विचारशील तर ते या अभ्यासात घेऊच नकोस, तुझा विषय जेवणाआधीचा आहे, पण घेतलं नाही हे लिही.

आणि आमच्या निरीक्षणाचं एक सत्र साधारण वीस मिनिटांचं असतं, दहा मिनिटं इकडेतिकडे. त्यापेक्षा जास्त वेळ एका जागी बसलं की नजर थकते. तुला तर तेवढं पण लागणार नाही.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं वाटतं मला. मुलं यायच्या आधी पाच मिनिटं जाऊन नळ बघून ये. किती तोट्या चालू आहेत, पाणी येतंय का, साबण आहे का आणि लहान मुलाचा हात पोचेल अशा जागी आहे का. त्या दिवशी साबणच नव्हता तर 'साबणाने धुतले नाहीत' हा दोष मुलांच्या सवयीचा नाही. आमच्याकडे पण सॅनिटायझरची बाटली रिकामी असताना स्टाफचा आकडा कमी दाखवला तर ते अन्यायाचं असतं. ते दिवस वेगळे काढ.

रानवाट

मी वन्यजीव शास्त्रातला माणूस, शाळेचं मला काही कळत नाही, पण 'शंभर मुलं एकदम नळावर' हे वाचून लिहावंसं वाटलं कारण माकडांच्या टोळीचा अभ्यास करताना हाच प्रश्न असतो, सगळी एकदम दिसतात आणि एकाचंही नीट बघणं होत नाही.

१९७४ साली जीन ऑल्टमन यांचा एक शोधनिबंध आला, त्या आफ्रिकेत बबून माकडांवर काम करायच्या, आणि प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारा प्रत्येक जण आजही तो वाचतो. त्यांचं म्हणणं साधं आहे, जे नजरेला पडेल ते लिहीत गेलात तर तुमच्या वहीत फक्त भांडणारे, ओरडणारे, उड्या मारणारे येतात, कोपऱ्यात शांत बसलेले येतच नाहीत. म्हणून कोणाकडे बघायचं हे डोळ्यावर सोडू नका, नियमावर सोडा. दोन मुख्य पद्धती. एक म्हणजे एकच प्राणी निवडून ठराविक वेळ फक्त त्याच्यावर नजर ठेवायची, मधे दुसरीकडे काही भारी घडलं तरी मान वळवायची नाही. दुसरी म्हणजे ठराविक अंतराने सगळ्या कळपावरून नजर फिरवायची आणि त्या क्षणी प्रत्येक जण काय करतोय त्याची नोंद करायची.

तुमच्यासाठी पहिली बरी. वर्गाच्या दारातून बाहेर पडणारं दर पाचवं मूल धरा, ते दारातून निघाल्यापासून ताट घेऊन बसेपर्यंत फक्त त्याच्या मागे नजर. ते बसलं की टिक करा आणि लगेच दारातून येणाऱ्या पुढच्या मुलापासून परत पाच मोजा, पाचवं धरा. दोघी आहात तर दोन दारं वाटून घ्या. सत्रात मुलं कमी मिळतील पण जी मिळतील ती पूर्ण दिसलेली असतील, आणि वर सरांनी सांगितलेला 'दिसलं नाही' हा रकाना बराच रिकामा राहील. दुसरं, नळावर जाऊन उभं राहिलात तर नळावर आलेलीच मुलं दिसणार, जी नळाकडे फिरकलीच नाहीत आणि सरळ पंगतीत जाऊन बसली ती तुमच्या हिशोबात येणारच नाहीत, आणि अख्खी टक्केवारी फुगणार. म्हणून सुरुवात दारापासून करा.

गावशिवार

वरच्या सगळ्यांशी सहमत. मी पाणी-स्वच्छतेच्या प्रकल्पांवर गावोगाव घरभेटी केल्यात, तर ताई तुमची ती भीती आहे ना, मुलं बघून मुद्दाम धुतील, ती अगदी खरी आहे आणि ती पूर्ण जाणार नाही हे आधीच धरून चाला.

बांगलादेशात ग्रामीण भागात यावर एक फार सुंदर अभ्यास झाला होता, २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी घरांमध्ये साबणाच्या वड्या दिल्या आणि वडीच्या आत हालचाल टिपणारा सेन्सर. म्हणजे निरीक्षक घरात नसतानाही साबण किती वेळा हलला ते कळायचं. मग एक दिवस निरीक्षक वही घेऊन घरात काही तास बसला, आणि त्या वेळात साबणाची हालचाल साधारण ३५ टक्क्यांनी वाढली. म्हणजे नुसतं कोणीतरी बसलंय म्हणून एवढा फरक.

मग करायचं काय, तर जे आम्ही करायचो ते सांगतो. सुरुवातीचे काही दिवस जा, बसा, वहीत लिहा पण तो डेटा धरू नका, पोरांना तुमची सवय होऊ द्या. पहिल्या दिवशी 'मॅडम कुठून आल्या, नाव काय तुमचं' चालतं, नंतर कोणी बघत पण नाही. नळाच्या अगदी शेजारी उभं राहू नका, ओट्यावर किंवा झाडाखाली बसा जिथून दार, नळ आणि पंगत तिन्ही दिसेल. आणि शिक्षकांना विनंती करा की मुलांना 'आज मॅडम आल्यात, हात धुवा रे' असं सांगू नका, कारण हे शंभर टक्के होतं, गुरुजींच्या मनात शाळेचं नाव राखायचं असतं, त्यात त्यांची काही चूक नाही पण तुमचा दिवस जातो.

त्याच्या जोडीला एक मुका साक्षीदार ठेवा. साबणाच्या नव्या वडीचं वजन करून ठेवा, आठवड्याने परत करा, किराणा दुकानातला डिजिटल काटा पुरतो. तुम्ही शाळेत न गेलेल्या आठवड्यात साबण किती झिजला आणि गेलेल्या आठवड्यात किती, एवढं जरी तुलनेला ठेवलं तरी तुमच्या उपस्थितीचा परिणाम किती याचा अंदाज बांधता येतो. अगदी काटेकोर नाही, पावसात वडी भिजली किंवा कोणी घरी नेली तर गडबड होते, पण निरीक्षणाला आधार म्हणून चांगलं.

खडू_फळा

@गावशिवार, साबणाच्या वजनाची कल्पना फार आवडली, मी विद्यार्थ्यांना सांगेन. एक पुस्ती जोडतो, कारण निळी_डायरी यांना प्रबंधात मर्यादांचा भाग लिहावा लागेल. तिथे सगळे 'हॉथॉर्न परिणाम' असं लिहून मोकळे होतात. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ मध्ये प्रयोग झाले, प्रकाश वाढवला तरी उत्पादन वाढलं आणि कमी केला तरी वाढलं, कारण कामगारांना आपल्याकडे लक्ष आहे हे माहीत होतं, अशी गोष्ट आपण वर्गात सांगतो. पण त्या प्रकाशाच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासली तेव्हा पाठ्यपुस्तकात सांगतात तेवढा ठसठशीत परिणाम त्यात सापडला नाही. म्हणून नुसतं नाव टाकून पुढे जाऊ नका. तो साबणाचा अभ्यास तुमच्या विषयाला जास्त जवळचा आहे, त्याचा आधार घ्या.

कप्पा_शून्य

दोन निरीक्षक आहेत म्हणून विश्वसनीयतेचं लिहितो. बहुतेक प्रबंधात 'दोघांच्या नोंदीत ९० टक्के एकमत आढळले' असं असतं आणि गाइड पण खूश. थांबा जरा. समजा दोघींनी एकाच वेळी तीच १०० मुलं बघितली. साबण फार कमी मुलं वापरतात असं धरू. दोघी 'साबण वापरला' म्हणाल्या अशी २ मुलं, दोघी 'नाही' म्हणाल्या अशी ८८, आणि उरलेल्या १० मध्ये मतभेद, पाचला एकीने हो म्हटलं आणि पाचला दुसरीने. एकमत ९० टक्के. पण दोघींनी डोळे मिटून जवळजवळ सगळ्यांना 'नाही' लिहिलं असतं तरी योगायोगानेच जवळपास ८७ टक्के जुळलं असतं. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाने जुळणारं वगळून खरं एकमत किती ते सांगणारा आकडा, काढला (जेकब कोहेन, १९६०) तर तो येतो फक्त ०.२३ च्या आसपास, म्हणजे एकमत कमकुवत. आणि खरं म्हणजे तुम्हाला ज्यात रस आहे ती साबणवाली मुलं, तर निदान एकीने तरी 'हो' म्हटलेल्या १२ पैकी फक्त दोघांवर तुम्ही सहमत आहात.

म्हणून पायलटमध्ये एकत्र बसून तीच मुलं बघा, एकमेकींच्या वहीत न डोकावता. मग कुठे मतभेद झाला त्या मुलांवर बोला आणि व्याख्या दुरुस्त करा, परत बघा. कप्पा ०.७ च्या वर जायला लागला की मग दारं वाटून घ्या. आणि शेवटच्या आठवड्यात पण एकदा एकत्र बसा, कारण दिवस जातात तशी प्रत्येकीची नजर आपापल्या सवयीने सरकते.

वॉर्ड_चार

व्हिडिओचं कोणीच बोललं नाही म्हणून परत आले. व्हिडिओ नको ग. मुलांचे चेहरे, शाळेचा गणवेश, सगळं त्यात येतं, आणि मोबाईलमधून ते कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी लागेलच, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र घे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पाच मिनिटं मागून पालकांना सांग आणि पालकांची संमती घे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या सूचनांमध्ये सात ते बारा वयाच्या मुलांची तोंडी आणि बारा ते अठराची लेखी अनुमती सांगितली आहे, पालकांची संमती तर हवीच, ही तिच्या जोडीला. त्या आरोग्य संशोधनासाठी आहेत, पण तुझा विषय तसा जवळचाच. आणि खोटं सांगू नकोस. 'मी मधल्या सुट्टीत मुलं काय करतात ते बघतेय' हे खरं आहे आणि पुरेसं आहे. वहीत कुठल्याही मुलाचं नाव नको, फक्त इयत्ता आणि मुलगा की मुलगी.

निळी_डायरी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच धन्यवाद! व्हिडिओ रद्द. दारापासून पंगतीपर्यंत ही कल्पना तर मला सुचलीच नसती. कालपासून सरांनी सांगितलं तसं रिकामी वही घेऊन एका शाळेत बसतेय, परवानगी मिळाली आहे. दोन प्रश्न परत. एक, स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या नुसती बसतेस तर खिचडी वाढायला ये, मग ते सहभागी निरीक्षण होईल ना, जाऊ का? आणि दुसरं, वहीत काय लिहू तेच कळत नाही, मी लिहिलंय 'मुलं निष्काळजी आहेत, घाई करतात' असं, ते चालेल का?

खडू_फळा

'निष्काळजी' हे तुम्हाला दिसलेलं नाही, ते तुमचं अनुमान आहे. दिसलं काय ते लिहा. 'सहावीतला मुलगा, तोटीजवळ आला, तीन मुलं पुढे, मागे पंगतीकडे बघितलं, वळून गेला.' वहीच्या पानावर मधे रेघ मारा, डावीकडे दिसलेलं, उजवीकडे तुम्हाला वाटलेलं. दोन्ही लिहा पण मिसळू नका. आणि त्याच दिवशी संध्याकाळी घरी बसून पूर्ण वाक्यात उतरवा, एक रात्र गेली की डोकं स्वतःच गाळलेल्या जागा भरायला लागतं.

नोंदी दोन ठिकाणी ठेवा हेही सांगतो. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या रामपुरा नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात राहून अभ्यास केला, आणि १९७० मध्ये ते स्टॅनफर्डला असताना तिथल्या अभ्यास केंद्राला कोणीतरी आग लावली, त्यात त्यांनी अनेक वर्षं खपून नीट लावलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती गेल्या, कारण तिन्ही तिथेच होत्या. पुढे त्यांनी स्मरणावर विसंबून पुस्तक लिहिलं, ते १९७६ ला आलं आणि गाजलंही. पण त्यासाठी माणूस त्या गावात तेवढा मुरलेला असावा लागतो. तुम्ही रोज पानांचे फोटो काढून मेलवर टाका.

खिचडी वाढायचं म्हणाल तर मोजणीच्या दिवशी नाही. हातात डाव असताना दाराकडे नजर राहणार नाही. पण आत्ता रिकाम्या वहीचे दिवस आहेत तोवर जरूर जा, मावशींशी बोलणं होईल, मुलं मोकळी होतील.

निळी_डायरी

गेले होते वाढायला. आणि तिथूनच एक गोष्ट दिसली जी ओट्यावरून दिसतच नव्हती. तोट्या चार, त्यातल्या दोनच चालू. सातवीची मोठी मुलं आधी येऊन दोन्ही अडवतात, पाचवीच्या मुली थोड्या लांब उभ्या राहतात, मग वाढायला सुरुवात झाली की तशाच पंगतीत येऊन बसतात. म्हणजे त्या धुवायला आल्या होत्या! माझ्या सूचीत त्या 'पाण्याला हात लावला नाही' मध्ये गेल्या असत्या, सरळ दारातून पंगतीत बसलेल्या मुलांबरोबरच. मावशींना विचारलं तर म्हणाल्या रोजचंच आहे. हे कुठे टाकू?

रानवाट

वेगळा वर्ग करा. 'नळापर्यंत गेले, पाणी मिळालं नाही'. दर पाचव्या मुलाला दारापासून धरताय म्हणून हा वर्ग अगदी बरोबर मोजता येईल.

वॉर्ड_चार

हो, नक्की कर, आणि त्याला इयत्ता आणि मुलगा-मुलगी लावून टेबल काढ. चालू तोट्यांचा आकडा रोज लिहितेसच, चार चालू असलेल्या शाळेत हा वर्ग किती आणि दोन चालू असलेल्या शाळेत किती ते शेजारी ठेव. मला तर वाटतं तुझ्या प्रबंधातलं सगळ्यात कामाचं टेबल हेच होईल, मुख्याध्यापकांना दाखवलंस तर ग्रामपंचायतीकडून दोन तोट्या बसवून घ्यायला त्यांना हातात कागद मिळेल. फक्त ते टेबल तुझं निरीक्षण पूर्ण संपल्यावरच दाखव, मधे तोट्या दुरुस्त झाल्या तर आधीचा आणि नंतरचा डेटा एकत्र करता येणार नाही.

गावशिवार

याला माझा विरोध आहे ताई. दोन तोट्यांसाठी पोरींना महिनाभर हात न धुता जेवू द्यायचं का डेटासाठी? आत्ताच सांगा मुख्याध्यापकांना. तोट्या बसल्या तर तारीख लिहून ठेवा, आधीचे दिवस आणि नंतरचे दिवस असे दोन भाग आपोआप होतात, आणि उरलेल्या तीन शाळा तुलनेला आहेतच.

वॉर्ड_चार

पटलं. आत्ताच सांग. तारीख मात्र न विसरता लिही.

निळी_डायरी

उद्याच सांगते मुख्याध्यापक सरांना. गाइड मॅडमना पण फोन करून विचारते, टूलमध्ये सहावा वर्ग वाढतोय तर पायलट परत करावं लागेल बहुतेक, मैत्रिणीला घेऊन सोमवारी जाते.